गाव इथेच का वसलं?

दोस्तांनो, भूगोलाच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो. ‘कारणे द्या.’ कोकणातल्या घरांची छपरं उतरती असतात, कारणे द्या. मराठवाड्यात घरांची छपरं सपाट असतात, कारणे द्या. आपण पाठ केलेली दोन वाक्यं लिहितो, दोन गुण पदरात पाडतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

आज आपण असाच एक प्रश्न घेऊ. तो तुम्हाला कुठल्याच प्रश्नपत्रिकेत सापडणार नाही. प्रश्न असा: ‘चारठाणा हे गाव चारठाण्यातच आहे. कारणे द्या.’

हसू आलं ना? ‘गाव आहे तिथे आहे, त्याला कारण कसलं?’ असं तुम्ही म्हणाल. पण जरा थांबा. आठशे-हजार वर्षांपूर्वी इथे आलेल्या माणसांपुढे केवढा तरी मोकळा मुलूख पडला होता. चार कोस अलीकडे किंवा चार कोस पलीकडे राहायला त्यांना कुणी मनाई केली नव्हती. तरी ते इथेच थांबले, घरं बांधली, देवळं उभारली, बारव खोदली. का? याचं उत्तर शोधताना आपल्याला दगड, माती, पाणी आणि वाट अशा चार साक्षीदारांची साक्ष काढावी लागेल.

नकाशा उघडा

महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. मराठवाड्यात परभणी जिल्ह्यावर बोट ठेवा. परभणी म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती सपाट काळीभोर जमीन, कापसाची बोंडं आणि ज्वारीची कणसं. ते खरंच आहे. जिल्ह्याच्या दक्षिण भागातून गोदावरी वाहते, मधल्या भागातून दुधना. नद्यांनी वर्षानुवर्षं आणून पसरलेल्या गाळाची ती जमीन आहे.

आता बोट हळूहळू उत्तरेकडे सरकवा. नकाशात तपकिरी रंग दिसायला लागेल. हा जिंतूर तालुका. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे इथपर्यंत येतात. हे डोंगर सह्याद्रीसारखे आभाळाला भिडणारे नाहीत. बुटके, माथ्यावर सपाट, उन्हाळ्यात बोडके आणि पावसाळ्यात पोपटी. पण पायी चालून बघा, दम लागतोच! याच डोंगरांत, जिंतूर गावाजवळ, नेमगिरीची जैन लेणी आहेत. जालन्याहून मंठामार्गे जिंतूरला येणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, जिंतूर तालुक्यातच, आपलं चारठाणा आहे.

या डोंगराळ मुलखातून एक नदी वाट काढते. तिचं नाव पूर्णा. इथे एक गंमत लक्षात ठेवा, परीक्षेत गोंधळ होणार नाही. महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या दोन मोठ्या नद्या आहेत. एक विदर्भातली. ती अकोल्याच्या बाजूने पश्चिमेला वाहते, चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तिचं पाणी अरबी समुद्रात जातं. दुसरी ही आपली. ती अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, आग्नेयेला वाहते, गोदावरीला मिळते आणि तिचं पाणी थेट बंगालच्या उपसागरात जातं. दोघींच्या मध्ये अजिंठ्याचा डोंगर आडवा आहे. डोंगराच्या माथ्यावर पडलेला पावसाचा एक थेंब उत्तरेला घसरला तर पश्चिम समुद्राला, दक्षिणेला घसरला तर पूर्व समुद्राला! अशा माथ्याला भूगोलात जलविभाजक म्हणतात. आणि डोंगरावरून निथळलेलं पाणी ज्या एका नदीत गोळा होतं, तो सगळा मुलूख म्हणजे त्या नदीचं खोरं.

पहिला साक्षीदार: दगड

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे ना डोंगर होते ना नद्या. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारस बाहेर आला. तो एकदाच आला नाही. एक थर आला, थंड झाला, मध्ये बराच काळ गेला, मग त्यावर दुसरा थर, मग तिसरा. लाव्हा थंड होऊन जो काळा दगड झाला तो बेसाल्ट. मराठीत आपण त्याला काळा पाषाण म्हणतो. महाराष्ट्राचा बहुतेक सगळा भाग याच दगडावर उभा आहे.

थरावर थर असल्यामुळे आपले डोंगर दुरून पायऱ्यांसारखे दिसतात. शास्त्रज्ञ या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. यातला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे बरं का! स्वीडिश भाषेत ‘ट्राप्पा’ म्हणजे जिना. त्यावरून हे नाव आलं.

आता महत्त्वाची गोष्ट. हे सगळे थर सारखे नसतात. काही अगदी घट्ट, त्यात पाण्याचा टिपूसही शिरत नाही. काही भेगाळलेले, काही जाळीदार, काही झिजून मुरूम झालेले. पावसाचं पाणी भेगांतून आणि मुरमातून खाली झिरपतं. खाली घट्ट थर लागला की अडतं आणि मग उताराच्या दिशेने आडवं सरकत राहतं. म्हणजे डोंगरावर पडलेल्या पावसाचा काही भाग ओढ्याने धावत जातो, आणि काही भाग दगडाच्या पोटातून मुंगीच्या पावलाने खाली येतो. ओढा दिवाळीनंतर आटतो. पण मुंगीच्या पावलाने येणारं पाणी पायथ्याच्या विहिरींना पुढे कितीतरी महिने पुरतं.

कळलं का, पायथ्याशी गाव असण्याचा पहिला फायदा?

दुसरा साक्षीदार: माती

डोंगराच्या अंगावरची माती पाऊस धुऊन नेतो. त्यामुळे वर उरते ती मुरमाड, बरड जमीन. तिथे गवत उगवतं, पळस आणि सीताफळ उगवतं, गुरं चरतात. पण ज्वारीचं पोटभर पीक येत नाही. धुऊन आलेली माती खाली सखल भागात साठते. ती खोल, काळी, ओल धरून ठेवणारी. तिथे खरिपात कापूस, तूर आणि हल्ली सोयाबीन होतं. रब्बीत ज्वारी-हरभरा तर जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवरच येतो.

मग माणसांनी त्या काळ्या जमिनीच्या मधोमध घरं का नाही बांधली? तुमच्या आजोबांना विचारा, ते लगेच सांगतील. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेली भिंत तडकते. शिवाय पावसाळ्यात चिखल इतका, की बैलाचे पाय आणि गाडीची चाकं दोन्ही रुतून बसतात. आणि मुख्य म्हणजे, ज्या जमिनीवर धान्य पिकतं तिच्यावर घर बांधून ती वाया कशाला घालवायची?

म्हणून आपल्याकडे गावाचे दोन भाग मानत. ‘काळी’ आणि ‘पांढरी’. काळी म्हणजे शेतजमीन. पांढरी म्हणजे गावठाण, घरांची जागा. पिढ्यान् पिढ्या माणसं एकाच जागी राहिली, मातीची घरं पडली, त्यावर नवी बांधली, चुलीची राख पडत राहिली, की ती जमीन हळूहळू उंच होते आणि मातीचा रंग पांढुरका होतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या गावात शिरताना थोडा चढ लागतो, तो या पांढरीचा. गावाच्या मधली गढी तर आणखी उंच.

याच पांढऱ्या मातीचा आणखी एक उपयोग. मराठवाड्यातल्या जुन्या घरांवर सपाट छत असे. त्याला म्हणतात माळवद. लाकडी तुळया, त्यावर किलचा, त्यावर पाला-काड्या आणि सगळ्यांवर चोपून बसवलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती दाबून बसली की पाणी सहजासहजी आत येऊ देत नाही. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे माळवद एका आषाढात वाहून जाईल. परभणीच्या बाजूला पाऊस साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा. तिथे माळवद चालतं. वर उन्हाळ्यात अंथरूण टाकून झोपायचं, पापड-कुरडया वाळवायच्या आणि दुपारी घरात गारवा. ‘कारणे द्या’चे दोन गुण मिळाले की नाही?

एकूण काय, तर वर डोंगर, खाली काळी. डोंगरात चारा, सरपण, घराला लाकूड आणि हवा तेवढा दगड. काळीत धान्य. जिथे या दोन्हींचा सांधा जुळतो, तिथे राहणारा माणूस सकाळी एका बाजूला गुरं हाकू शकतो आणि दुसऱ्या बाजूला औत. चारठाणा अशा सांध्याजवळचं गाव आहे.

ही युक्ती आपल्याच माणसांना सुचली असं नाही. पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीत मावळ आहे. तिथली खोरी नद्यांच्या नावांनी ओळखली जातात. मुठा नदीचं ते मुठे खोरं, कानंदीचं ते कानद खोरं. तिथेही भातखाचरं नदीकाठी आणि घरं जरा वर, डोंगराच्या कुशीत. दूर युरोपात आल्प्स पर्वतात गेलात तर तिथल्या खोऱ्यांत जुनी गावं जास्त करून उन्हाच्या उतारावर दिसतात. तिथे टंचाई पाण्याची नसते, उन्हाची असते. थोडक्यात, ज्या मुलखात ज्या गोष्टीची ओढाताण, तिच्या जवळ माणूस घर बांधतो. आपल्याकडे ती गोष्ट म्हणजे पाणी.

तिसरा साक्षीदार: पाणी

चारठाण्याचं जुनं नाव चारुक्षेत्र असल्याचं सांगितलं जातं. ‘चारु’ म्हणजे सुंदर. गावात फिरलं की हे नाव का पडलं असेल ते कळतं. पावलोपावली जुना दगड. गोकुळेश्वराचं देऊळ, आणखीही जुनी देवळं, कोरीव खांब, मूर्ती आणि एक उंच दगडी स्तंभ. त्या स्तंभाला कुणी दीपमाळ म्हणतं, कुणी मानस्तंभ. ही कामं चालुक्य आणि यादव राजांच्या काळातली, म्हणजे साधारण अकराव्या ते तेराव्या शतकातली. देवगिरीचे यादव तेव्हा या मुलखाचे राजे होते. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली, त्याच्या आधीचा हा काळ.

या देवळांना आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री पंडित, हा तेराव्या शतकात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री होता. पण अशी देवळं त्याच्या आधीही बांधली जात होती. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, हेमाडपंताच्या दोनशे वर्षं आधीचं. त्यालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात! या बांधकामाची खुबी अशी, की दगडांच्या मध्ये चुना नाही. एका दगडाला खाच, दुसऱ्याला खुंटी. एकात एक अडकवायचे आणि वरच्या वजनाने खालचे दगड जागच्या जागी दाबून धरायचे.

आता विचार करा. एवढी देवळं बांधायची तर पाथरवट हवेत, मजूर हवेत, दगड वाहायला बैल हवेत. त्या सगळ्यांना वर्षानुवर्षं खायला धान्य हवं. म्हणजे गावाच्या काळीत घरच्यांना पुरून उरेल एवढं पिकत होतं. दगड तर हाताशीच होता. आणि माणसांना, बैलांना, देवाच्या अभिषेकाला पाणी लागे. ते कुठून यायचं?

त्याचं उत्तर गोकुळेश्वराच्या देवळाजवळच आहे. तिथली बारव. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. साध्या विहिरीत पोहरा सोडून पाणी शेंदावं लागतं. बारवेत आपण स्वतःच पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जातो. पण एवढा दगड फोडून पायऱ्या कशासाठी? अहो, पाण्याची पातळी वर्षभर सारखी कुठे असते! श्रावणात पाणी वरच्या पायरीला येतं. दिवाळीला चार पायऱ्या खाली जातं. होळीला आणखी खाली. पायऱ्या असल्या की पाणी कुठेही असो, बाईला घागर, मुलाला तांब्या आणि वाटसरूला ओंजळ भरून घेता येते. दगडाच्या पोटातून मुंगीच्या पावलाने येणारं ते पाणी आठवतं का? बारवेचे बांधीव काठ सुद्धा त्याला आत येऊ देतात, कारण दगडांच्या सांध्यात चुना नसतो.

आणि बारव म्हणजे गावाचं कॅलेंडरच. ‘यंदा संक्रांतीलाच सातवी पायरी उघडी पडली’ असं कुणी म्हणालं, की गावाला कळायचं, उन्हाळा जड जाणार. पाणी जपून वापरा. आज आपल्या घरी नळ आहे, बोअर आहे. बटण दाबलं की पाणी. पण जमिनीखाली किती पायऱ्या उरल्यात ते बटण सांगत नाही.

बोअर काय करतो? तो वरचे थर भेदून खोल जातो, शे-दोनशे फूट, कधी त्याहूनही खाली. खालच्या दगडात पाणी थोडंच असतं आणि ते साठायला फार काळ लागतो. एकाने खोल बोअर घेतला की शेजारी आणखी खोल घेतो. मग आड आटतात, विहिरी आटतात, बारवा आटतात. आटलेल्या बारवेत कुणी कचरा टाकतं, कुणी माती. झाडं उगवतात, गाळ साचतो आणि पाझर बुजतात. आठशे वर्षं चाललेली एक सोय बंद पडायला पन्नास वर्षं सुद्धा लागत नाहीत.

चौथा साक्षीदार: वाट

जुन्या काळी माल बैलांच्या पाठीवरून जायचा. डोंगराळ मुलखात वाट जिथे सोपी, तिथून तांडे जात. वाटेवर पाणी आणि सावली असलेलं गाव म्हणजे मुक्कामाची जागा. मुक्काम आला की बाजार आला. बाजार आला की सोनार, शिंपी, तांबट, तेली, कोष्टी आले.

मग विसाव्या शतकाच्या तोंडावर एक मोठी गोष्ट घडली. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी रेल्वे सुरू झाली. तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रेल्वेला चढ नको असतो. म्हणून रूळ डोंगर टाळून सपाट भागातून गेले. जालना, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा. कापसाचा व्यापार रुळांच्या मागे गेला आणि ही गावं वाढली. पूर्णा तर जंक्शन झालं. जिंतूरला मात्र आजही रेल्वे नाही. डोंगरपायथ्याची जुनी गावं बाजूला पडली. आज एस.टी. आणि रस्ते आहेत, पण रुळांनी केलेली वाटणी अजून नकाशावर दिसते.

रेल्वेने आणखी कुणाचं तरी काम हिरावलं. बंजारा, म्हणजे लमाण समाज, शेकडो बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर वाहतूक करी. या लादलेल्या बैलांच्या वाहतुकीला ते ‘लदेणी’ म्हणत. रेल्वे आणि मालमोटारी आल्यावर लदेणी संपली. बैल थांबले, माणसंही थांबली. पण तोपर्यंत खालची चांगली काळी जमीन वाटली गेली होती. म्हणून ते वर, डोंगराच्या उतारावर स्थिरावले. जिंतूरच्या डोंगरांत आज जागोजाग तांडे दिसतात ते यामुळे. तांड्याची बोली वेगळी, गोरबोली. तांड्याचा प्रमुख नाईक. यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळच्या गहुली तांड्यावर जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

म्हणजे एकाच तालुक्यात वस्तीचे तीन मजले झाले. खाली काळीतली मोठी गावं, मध्ये पायथ्याची जुनी गावं आणि वर बरड जमिनीवरचे तांडे-वाड्या. जसजसं वर जावं तसतशी जमीन हलकी आणि पाणी कमी.

धरण उशाला, कोरड घशाला

तुम्ही म्हणाल, पण पूर्णा नदी आहे ना! आहे की. जिंतूर तालुक्यातच येलदरी इथे पूर्णेवर मोठं धरण आहे. १९६८ साली ते पूर्ण झालं. उंची सुमारे ५१ मीटर, म्हणजे सतरा-अठरा मजली इमारतीएवढी. तिथे २२.५ मेगावॉटचं वीजकेंद्रही आहे. धरणासाठी नदीकाठच्या गावांनी आपली काळी पाण्याखाली जाऊ दिली.

पण पाण्याचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. ते उताराने खाली जातं. येलदरीतून सोडलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात अडवलं जातं आणि तिथून कालवे निघतात. ते भिजवतात वसमतच्या, परभणीच्या, नांदेडच्या बाजूची सपाट शेतं. तिथे ऊस, केळी, हळद डोलते. धरणाच्या वरच्या अंगाचे डोंगर आणि तांडे मात्र पावसाच्याच भरवशावर. पाणी वर चढवायचं तर पंप लागतो, वीज लागते, पैसे लागतात. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण वर्तमानपत्रांत नेहमी वाचायला मिळते. ती भूगोलाची म्हण आहे!

मग कोरडवाहू शेतकरी काय करतात? दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्याच्या डोंगराळ भागातली हजारो कुटुंबं ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेतलेली असते. ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, पाचटाच्या कोपीत राहायचं. परत यायचं ते उन्हाळ्यात. त्यांच्याबरोबर तुमच्याच वयाची मुलंमुली जातात. ऐन अभ्यासाच्या दिवसांत वर्गातले बाक रिकामे पडतात. मुलांना गावातच राहून शिकता यावं म्हणून शाळांजवळ हंगामी वसतिगृहं सुरू झाली आहेत. काही मुलं आजी-आजोबांजवळ राहतात. पण आई-बाबा सहा महिने लांब असणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं.

आता सांगा, ‘गाव इथेच का वसलं’ हा प्रश्न इतिहासाचा राहिला का? गाव पाण्याजवळ आलं. पाणी आटलं तर गाव उठतं. पूर्वी दुष्काळात अख्खी गावं उठून जायची. आता अर्धं गाव दर वर्षी सहा महिने उठतं आणि आपल्याला त्याची सवय झाली आहे.

मुंगीच्या पावलाचं पाणी

मग उपाय काय? मोठा उपाय सरकारने करायचा, पण छोटा उपाय गावाच्या हातात आहे. डोंगरावरून धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला थांबायला लावायचं आणि थांबलेल्याला मुरवायचं. उतारावर आडवे चर खणायचे, म्हणजे समतल चर. ओढ्यात दगडांचे छोटे बांध घालायचे. शेताला बांध-बंदिस्ती करायची. डोंगरावर झाड आणि गवत राखायचं.

१९७२ चा दुष्काळ तुमच्या आजी-आजोबांना विचारा. ‘मिलो’ आणि ‘सुकडी’ हे दोन शब्द उच्चारा आणि बघा त्यांचे चेहरे! मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी आणि सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर वाटलेला पौष्टिक खाऊ. त्या वर्षी लाखो माणसांनी खडी फोडली, रस्ते केले आणि पाझर तलाव बांधले. पाझर तलावाचं पाणी कालव्याने कुठे जात नाही. ते फक्त मुरतं आणि खालच्या विहिरींना मिळतं. म्हणजे बारवेच्या मागचंच शहाणपण, नव्या रूपात. पुढे २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा सगळ्यांना पुन्हा या शहाणपणाची आठवण झाली.

आता एक चांगली बातमी. परभणी जिल्ह्यातच, सेलू तालुक्यात, वालूर नावाचं गाव आहे. तिथे चक्राकार पायऱ्यांची फार देखणी बारव आहे. गाळाने आणि कचऱ्याने भरून गेलेली ती बारव अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनी श्रमदान करून मोकळी केली. राज्यभर ठिकठिकाणी स्वयंसेवक जुन्या बारवा शोधतात, त्यांची नोंद करतात, झाडंझुडपं काढतात आणि महाशिवरात्रीला पायऱ्यांवर पणत्या लावतात. पणत्या सुंदरच दिसतात. पण खरा आनंद पुढच्या पावसाळ्यात होतो. बुजलेला पाझर मोकळा होतो आणि स्वच्छ केलेल्या पायरीला पाणी लागतं, तेव्हा!

आई-बाबांनो, सुट्टीत मुलांना लांबची ठिकाणं दाखवालच. पण वाट वाकडी करून एकदा चारठाणाही दाखवा. पुढे जिंतूरची नेमगिरी आहे, येलदरी धरण आहे. दगड, माती, पाणी, वाट हे चारही साक्षीदार एकाच दिवसात भेटतील. तिथे कोरीव दगडावर नाव कोरायचं नाही, बारवेत काही टाकायचं नाही आणि निसरड्या पायऱ्यांवर मोठ्यांचा हात सोडायचा नाही, एवढं मात्र बजावून सांगा.

करून पाहा

१. तुमच्या गावाचा साधा नकाशा काढा. डोंगर किंवा उंच भाग कुठे, ओढा कुठे, जुनं गावठाण कुठे? ओढ्याचं पाणी कुठल्या नदीला आणि पुढे कुठल्या समुद्राला जातं, ते बाणाने दाखवा.

२. गावातल्या आड, विहिरी आणि बारवा मोजा. किती चालू, किती बुजलेल्या? शहरात राहत असाल तर ‘विहिरीची गल्ली’, ‘तळ्याची पाळ’ अशी जुनी नावं शोधा. नाव उरलं, पण पाणी कुठे गेलं?

३. घरापासून जवळच्या चालू विहिरीत पाणी किती खाली आहे, ते महिन्यातून एकदा मोठ्यांच्या मदतीने दोरीला दगड बांधून मोजा. पुढच्या मे महिन्यापर्यंत वहीत मांडा आणि आलेख काढा. कुठल्या महिन्यात पाणी झपाट्याने उतरतं? त्या महिन्यात गावात काय चालू असतं?

४. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारा: ‘आपलं गाव इथेच का वसलं?’ उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

वही भरली की ती वर्गात गुरुजींना आणि बाईंना दाखवा, आणि नंतर ग्रामपंचायतीतही नेऊन ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात टँकर मागायची वेळ येण्याआधी गावाला तिचा उपयोग होईल.